बोरं आटत नसतेत, वाळतेत

लातूरच्या एका दैनिकात मी मुद्रितं तपासायचो, तेव्हाची गोष्ट. ऐन उन्हाळा, जिल्हाभर पाण्याची बोंब, आणि एका सकाळी आमच्या पानावर मथळा झळकला: 'तालुक्यातील बोर आटले'. दहाच्या सुमाराला औशाकडून एका वाचकाचा फोन आला. म्हातारा आवाज, अगदी शांत. "बोरं आटत नसतेत, साहेब. वाळतेत." एवढं बोलून फोन ठेवला.

त्या दिवसापासून आमच्याकडे नियम झाला. फळ असेल तर 'बोर', जमिनीतलं भोक असेल तर 'बोअर'. कागदावर प्रश्न मिटला. तोंडानं बोलताना मात्र फळ काय नि भोक काय, कानाला सारखंच लागतं.

यंदा संक्रांतीनंतर अंबाजोगाईकडे मामांच्या शेतात गेलो होतो. मामांनी बोअर घ्यायचं ठरवलं होतं. पाणाड्या तळहातावर नारळ उभा धरून रान फिरून गेला होता, जागा धरली होती आणि अंधार पडता पडता बोअरची गाडी बांधावर आली. गाडीवरची पोरं तमिळ बोलणारी. आमच्याकडच्या बऱ्याचशा गाड्या तिकडूनच येतात. गाडी लागेपर्यंत बाजेवर बसलो, तर तासाभरात तोच आवाज चार वेगवेगळ्या अर्थांनी कानावर पडला. शेजारचे बापू म्हणाले, "उस्मानाबादी शेळ्यांवर औंदा बोअरचा बोकड सोडलाय." मामांचा थोरला मोटारसायकल ढकलत आला आणि म्हणाला, "मिस्त्री म्हणतोय, बोअर गेलाय, लेथवर न्यावं लागतंय." मोबाईलची बॅटरी उतरलेला धाकटा पाय आपटत होता, "मला लई बोअर व्हायलंय." आणि मामी ओंजळभर बोरं घेऊन आल्या.

एकाच शब्दाचे एवढे अर्थ असतात का? असतात. पण इथं शब्द एक नाही.

एका आवाजाला अनेक अर्थ चिकटतात ते दोन वाटांनी. पहिल्या वाटेत शब्द एकच असतो आणि त्याला फांद्या फुटतात. 'डोळा' घ्या. माणसाचा डोळा, उसाचा डोळा, मोराच्या पिसावरचा डोळा. एका अर्थाकडून दुसऱ्याकडे चालत जाता येतं, मधे कुठं उडी मारावी लागत नाही. दुसऱ्या वाटेत शब्द मुळातच वेगळे असतात. वेगवेगळ्या गावांहून निघतात, शेकडो वर्षं झिजतात आणि झिजता झिजता एकाच आवाजावर येऊन थांबतात. 'पार' बघा. पिंपळाचा पार आणि नदीच्या पार. या दोघांत चालत जायला वाट नाही. कोशात असे शब्द वेगवेगळ्या नोंदी करून छापतात, म्हणजे एकाच आडनावाची दोन घरं, भाऊबंदकी नाही. इंग्रजी 'बोअर'मध्ये हे दोन्ही प्रकार एकत्र कालवलेले आहेत. म्हणून तो सोडवत बसण्यात मजा आहे.

सगळ्यात सरळ अर्थ भोक पाडण्याचा. हजारेक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत हे क्रियापद 'बोरियन' असं होतं, जर्मनमध्ये आजही 'बोरेन' आहे. लॅटिनमधला त्याचा भाऊबंद 'फोरारे', म्हणजे भोक पाडणे. त्याच्यातून आलेलं 'पर्फोरेशन' आपण आतड्याला भोक पडलं की डॉक्टरच्या तोंडून ऐकतो. आपल्या सरकारी मराठीनं बोअरवेलला 'विंधन विहीर' म्हटलं तेव्हा अर्थाचा नेम अगदी बरोबर लागला होता. विंधणे म्हणजे आरपार टोचणे. नेम लागला, शब्द मात्र चालला नाही. पंचायत समितीच्या कागदावर विंधन विहीर, पारावर बोअर.

आता हा बोअर पाडतात कसा, ते जवळून पाहिलं की शब्दाच्या पुढच्या फांद्या आपोआप कळतात. लोखंडी दांड्याच्या टोकाला हातोडा आणि त्याच्या तोंडाशी कठीण दातांची बिट असते. साडेसहा इंची. शेजारच्या गाडीवरचा कंप्रेसर दाबाची हवा दांड्यातून खाली सोडतो, त्या हवेवर हातोडा खडकावर ठोके घालतो, दांडा गरगर फिरत राहतो आणि फुटलेला खडक त्याच हवेबरोबर भुकटी होऊन वर येतो. सुरुवातीला माती आणि मुरूम. तिथं बाजू ढासळू नये म्हणून केसिंगचा पाइप उतरवतात. मग काळा पाषाण. मराठवाड्याखालचा हा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, थरावर थर रचलेला. या खडकाच्या पोटात वाळूसारखं पाणी मुरत नाही. ते भेगांमध्ये आणि दोन थरांमधल्या सांध्यात असतं. भेग सापडली तर दोन इंची पाणी, हातभर बाजूला गेलात तर फुफाटा. म्हणून एकाच बांधाच्या अलीकडे पाणी आणि पलीकडे धूळ, असं होतं, आणि म्हणून पाणाड्याचा धंदा चालतो. (नारळावर माझा विश्वास नाही. मामांपुढं हे बोललो नाही.)

याच कामात जालन्याचा एक वाटा आहे आणि तो फारसा कुणाला माहीत नसतो. बोअर पडला तरी पाणी वर काढायला पंप लागतो. पूर्वी लावायचे ते ओतीव लोखंडाचे पंप घरगुती वापराचे, अख्ख्या गावानं हापसला की महिन्या-दोन महिन्यांत मोडायचे. जालन्याच्या ख्रिस्ती मिशनच्या विंधन पथकानं त्यावर मजबूत पंप तयार केला, तो 'जालना पंप' म्हणूनच ओळखला गेला. सोलापुरात त्यात सुधारणा झाली आणि पुढं १९७०च्या दशकात युनिसेफच्या साथीनं त्यातून 'इंडिया मार्क टू' हा हातपंप उभा राहिला. तो नंतर आफ्रिकेतल्या गावांपर्यंत गेला. गावोगावच्या हापशाचं मूळ असं आपल्याच भागात आहे. कितीतरी गावांत हापशालाच 'बोरिंग' म्हणतात. 'बोरिंगवर जाऊन दोन घागरी आण' असं सांगितलं की कंटाळवाण्या जागी जा असा त्याचा अर्थ होत नाही.

भोक पाडणं हा अर्थ पक्का धरला की पहिली फांदी सहज दिसते: भोक पाडायची क्रिया तर 'बोअर', मग पाडलेलं भोकही 'बोअर', आणि मग त्या भोकाचं मापही 'बोअर'. मिस्त्री म्हणतो 'बोअर गेलाय', तेव्हा तो इंजिनाच्या सिलिंडरच्या आतल्या गोल पोकळीबद्दल बोलत असतो. पिस्टन वर्षानुवर्षं वर-खाली होऊन ती पोकळी घासते, गोल असायची ती किंचित लांबट होते, ऑइल वर चढून जळतं आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येतो. मग लेथवर नेऊन ती पोकळी पुन्हा गोल कोरायची आणि अर्धा-पाव मिलिमीटर मोठा पिस्टन बसवायचा. गाडीच्या कागदावर 'बोअर ५० मिमी, स्ट्रोक ४९.५ मिमी' असं लिहिलेलं असेल (स्ट्रोक म्हणजे पिस्टन वर-खाली जातो ते अंतर), तर त्या नळकांड्याचं आकारमान काढून बघा. ९७.२ घनसेंटिमीटर येतं. आपण जिला शंभर सीसीची गाडी म्हणतो ती हीच.

बंदुकीचा बोअर याच घरातला, पण त्याचं माप काढायची रीत विचित्र आहे. 'बारा बोअरची बंदूक' हा शब्द आपण लहानपणापासून ऐकतो. बारा म्हणजे काय? बारा मिलिमीटर? बारा गोळ्या? यातलं काहीच नाही. एक पौंड, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम शिसं घ्यायचं आणि त्याच्या सारख्या बारा गोल गोळ्या करायच्या. त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती नळी बारा बोअरची. तिची आतली रुंदी साडेअठरा मिलिमीटर भरते. वीस गोळ्या केल्या तर प्रत्येक गोळी लहान होणार, म्हणून वीस बोअरची नळी बारापेक्षा अरुंद. आकडा वाढला की भोक लहान होतं. शेराला किती आंबे बसतात त्यावरून आंब्याचा आकार सांगावा, तशातला हा हिशोब.

आता धाकट्याचा बोअर. कंटाळा.

हा अर्थ इंग्रजीत त्या मानानं नवा आहे. १७६०च्या दशकाच्या आधी तो लिखाणात सापडत नाही. १७६८ सालच्या एका इंग्रज सरदाराच्या पत्रात तो भेटतो. फ्रेंच पाहुण्यांच्या बडबडीत अडकणाऱ्या आपल्या मित्रांची त्यानं त्यात कीव केली आहे. तो आला कुठून, यावर कोशकार हात वर करतात. भोक पाडण्यावरूनच आला असावा असं बहुतेकांना वाटतं, पण मधला दुवा कागदावर मिळत नाही. एकच गोष्ट हळूहळू, एका लयीत, त्याच जागी फिरत राहणं आणि समोरच्याच्या डोक्यात खोल खोल जाणं, अशी ती कल्पना.

कोशकारांनी जपून राहावं, ते त्यांचं कामच आहे. पण मराठी माणसाला ही कल्पना पटायला पुरावा लागू नये, कारण आपण स्वतंत्रपणे तेच केलं आहे. सुताराचं भोक पाडायचं हत्यार म्हणजे गिरमिट. आणि कुणी एकच विषय घेऊन बसला की आपण म्हणतो, "काय डोक्याला गिरमिट लावलंय!" भुंगा लाकूड पोखरतो, आणि 'डोक्याला भुंगा' लागतो तो चैन पडू देत नाही. इंग्रजांना लाकडातल्या भोकावरून बडबड्या पाहुणा आठवला असेल, तर आपल्याला सुताराच्या हत्यारावरून आठवला. त्यात एक गंमत अशी की 'गिरमिट' हा शब्दच इंग्रजी 'गिम्लेट'वरून आला आहे. हत्यार त्यांचं, म्हण आपली. आणि हाच 'गिरमिट' दुसऱ्या एका इंग्रजी शब्दावरूनही आला आहे, तो म्हणजे 'अ‍ॅग्रीमेंट'. करारावर अंगठा उठवून फिजी-मॉरिशसला उसाच्या मळ्यांवर गेलेले मजूर ते गिरमिटिये. गिम्लेट आणि अ‍ॅग्रीमेंट यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. पण हिंदुस्थानी तोंडात पडून दोघंही 'गिरमिट' झाले. दोन शब्द झिजून एका आवाजावर कसे येतात याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही. हे आपल्याच अंगणात, दोनेकशे वर्षांत घडलं.

आणखी एक पोखरणारा सांगून पुढं जातो, कारण तो शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यातला आहे. इंग्रजीत 'स्टेम बोअरर' म्हणजे ज्वारी-उसातला खोडकिडा, आणि 'पॉड बोअरर' म्हणजे तुरीच्या शेंगा पोखरणारी अळी. तुरीचं रान बघून मामा "अळीनं बोअर केलं" असं म्हणाले, तर इंग्रजीच्या हिशोबानं ते शंभर टक्के बरोबर ठरेल.

इथवरचे सगळे अर्थ एका झाडाच्या फांद्या. इथून पुढचे परके, फक्त उच्चारानं पाहुणे.

बापूंचा बोकड आधी. 'बोअर' ही दक्षिण आफ्रिकेतली मांसासाठी वाढवलेली शेळीची जात आहे. अंग पांढरं, डोकं तांबडं, कान लोंबते. आपली उस्मानाबादी काळी, चिवट, जुळी देणारी. संकर करून करडं वजनाला चांगली भरतात म्हणून लोक बोअरचा बोकड आणतात. हा शब्द डच आहे आणि त्याचा अर्थ आहे शेतकरी. दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झालेल्या डच वंशाच्या शेतकऱ्यांना हेच नाव पडलं. १८९९ ते १९०२ या काळात इंग्रजांशी त्यांची लढाई झाली, ते बोअर युद्ध. गांधीजींनी जखमी उचलायला भारतीयांचं पथक उभं केलं होतं ते याच लढाईत. तेव्हा बोअर बोकड म्हणजे शब्दशः शेतकऱ्याचा बोकड. बापूंना सांगितलं, तर म्हणाले, "मग काय सावकाराचा असतोय का?"

या डच शब्दाचं मूळ शोधत गेलं की आपण फिरून आपल्याच रानात येतो. त्यासाठी एक छोटी किल्ली हातात ठेवा. संस्कृत, लॅटिन, इंग्रजी, डच या लांबच्या बहिणी. शब्दाच्या सुरुवातीला संस्कृतात 'भ' असेल तिथं इंग्रजी-डचमध्ये 'ब' येतो आणि लॅटिनमध्ये 'फ'. भ्राता, ब्रदर, फ्रातेर. ही किल्ली 'बोअर'ला लावली की तो 'भू' धातूपाशी जाऊन थांबतो. भूमी, भवन, भुई. जमिनीवर वस्ती करून राहणारा तो बोअर. इंग्रजीतल्या 'नेबर' या शब्दाचा शेवटचा तुकडाही तोच: जवळ वस्ती करणारा, शेजारी. त्याच घराण्यातला इंग्रजी 'बूर' मात्र आधी शेतकरी होता आणि पुढं त्याचा अर्थ गावंढळ, अडाणी असा झाला. 'व्हिलन'चंही तेच. मुळात तो मळ्यावर राबणारा कूळ, शहरातल्यांच्या तोंडी तो खलनायक झाला. शेतकऱ्याच्या नावाची शिवी करायची खोड जगात सगळीकडे दिसते, आपल्याकडे 'खेडवळ' आहेच.

हीच किल्ली आणखी एका 'बोअर'ला लागते. इंग्रजीत 'बेअर' म्हणजे वाहणे, सोसणे, आणि त्याचा भूतकाळ 'बोअर'. संस्कृतात 'भृ', त्यावरून 'भार'. मामी संध्याकाळी डोक्यावर कडब्याचा भारा घेऊन येतात, तेव्हा इंग्रजीत त्या तो 'बोअर' करतात आणि मराठीत त्या 'भारा' वाहतात, आणि दोन्ही शब्द एकाच मुळाचे. किल्ली फिरवली की लॅटिनमध्ये 'फेर' येतो, म्हणून एकीकडून दुसरीकडे वाहून नेणं ते 'ट्रान्सफर', मग ती मास्तरांची असो की पैशांची. ग्रीकमध्ये 'फोर'. 'फॉस्फरस' म्हणजे प्रकाश वाहणारा. डीएपी खताच्या पोत्यातला फॉस्फरस आणि डोक्यावरचा भारा हे असे चुलत-चुलत नातेवाईक आहेत.

लाटेचा एक बोअर राहिला. मोठ्या भरतीला समुद्राचं पाणी नदीच्या मुखातून उलटं वर घुसतं आणि पाण्याची भिंत आत चाल करून येते, तिला इंग्रजीत बोअर म्हणतात. कोलकात्याजवळ हुगळीत ती येते, चीनच्या छियानतांग नदीतली तर बघायला गर्दी होते. स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेत 'बारा' म्हणजे लाट, तिथून तो शब्द आला असं मानतात. आपल्याला नदीला सरळ पाणी येईना, उलट्या पाण्याचं काय घेऊन बसायचं.

शेवटी मामींच्या ओंजळीतली बोरं. हा शब्द अस्सल आपला. संस्कृत 'बदर', प्राकृतात मधला 'द' विरघळला, दोन स्वर एकमेकांत मिसळले आणि 'बोर' उरलं. भोगीच्या भाजीत ते पडतं, बोरन्हाणात लेकरांच्या डोक्यावर पडतं, आणि गावांच्या-नद्यांच्या नावांत तर किती! नळदुर्गच्या किल्ल्यात बंधारा घालून पाणी महाल बांधला आहे, ती नदीसुद्धा बोरीच. इंग्रजी बोअरला मराठीत शिरायला काही अडचण आली नाही याचं एक कारण मला हेच वाटतं: आवाज आधीच घरातला होता. 'ज्या गावच्या बोरी त्याच गावच्या बाभळी' असं आपण म्हणतो. इथं मात्र बोरी चार गावांच्या निघाल्या.

रात्री हे सगळं मामांना सांगत बसलो होतो. समोर गाडी धडधडत होती, बोलणं ओरडून करावं लागत होतं. दोनशे फुटांला थोडी ओल लागल्यासारखी वाटली, सगळे उठून उभे राहिले, मग पुन्हा धूळ. खोली वाढते तसा फुटाचा दर चढतो, म्हणून मामा प्रत्येक दांड्याला बोटं मोजत होते. चारशे दहा फुटांवर त्यांनी हात वर केला. कंप्रेसर बंद झाला आणि एकदम रातकिडे ऐकू यायला लागले.

बऱ्याच वेळानं मामा म्हणाले, "समदं खरंय तुझं. पण बोअर कोरडा गेला तर विंग्रजीत काय म्हणतेत?"

मला तेलाच्या विहिरी खोदणाऱ्यांचा शब्द आठवला. "डस्टर म्हणतात."

"फळा पुसायचं?"

"तेच नाव. आतून नुसती धूळ निघते म्हणून."

मामांनी टोपी काढून गुडघ्यावर झटकली. पांढरा लोट उठला.

"हां," ते म्हणाले, "हे बराबर हाय."